हाडातला सूर

सावित्रीबाई दिघ्यांशी काही महत्त्वाचं बोलायचं असलं, की घरचे त्यांना मोटारीत बसवून इंदूरला न्यायचे. धार ते इंदूर रोडवेजची मोटार म्हणजे खिडक्यांचा खडखडाट आणि इंजिनाची बोंब. शेजारच्याचं बोलणं कानात ओरडल्याशिवाय कळायचं नाही. पण सावित्रीबाईंना त्या गोंगाटात शब्दन् शब्द ऐकू यायचा. घरी मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून हाक मारली तरी त्यांची मान वळायची नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "सोयीचं तेवढं ऐकू येतं बाईला."

नलिनीचं लग्नही असंच मोटारीत ठरलं, एकाहत्तर सालच्या मार्गशीर्षात. तिचे वडील नारायणराव संस्थानच्या वेळेपासून धारच्या कचेरीत कारकून होते. धार मागे टाकून मोटार मोकळ्या रस्त्याला लागली तेव्हा त्यांनी देवासच्या सबनिसांचं स्थळ बायकोला सांगितलं. मुलगा अरविंद मूळचा साताऱ्याकडचा, देवासच्या नव्या कारखान्यात फोरमन, घरात फक्त आई. नलिनी मागच्या बाकावर बसली होती. आई काय म्हणते म्हणून ती पुढे वाकली.

सावित्रीबाईंनी एवढंच विचारलं, "त्यांना सांगितलंत का?"

"काय?"

"आमच्याकडचं."

नारायणराव खिडकीबाहेर बघू लागले. मग म्हणाले, "नलूचे कान अगदी स्वच्छ आहेत. जे नाही ते कशाला सांगायचं?"

आमच्याकडचं म्हणजे काय, ते नलिनीला लहानपणापासून अर्धंमुर्धं माहीत होतं. आजी पस्तिशीत बहिरी झाली. मावशी तिशीत. आई धाकट्या भाऊच्या जन्मानंतर. घरात यावर कुणी बोलत नसे. फक्त नलिनी आठ वर्षांची झाली आणि शालिग्राम मास्तरांकडे दिलरुबा शिकायला जायचं म्हणाली, तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच नलिनीचा हात धरून तिला मास्तरांच्या ओट्यावर नेऊन बसवलं आणि म्हणाली, "भराभर शिकवा हिला."

मास्तरांना हा आग्रह कळला नाही. ते सावकाश शिकवणारे गृहस्थ. दिलरुब्याची दांडी डाव्या खांद्याला, मान सरळ, उजव्या हातात गज, डाव्या हाताची बोटं पडद्यांवर. मान वाकडी झाली की ते गजानेच हलकेच टोकायचे. बारा वर्षांत नलिनीचा हात असा तयार झाला, की मास्तर डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी नुसते हुं म्हणायचे. त्यांच्याकडे याहून मोठी शाबासकी नव्हती. घरी ती वाजवायला बसली की सावित्रीबाई येऊन दिलरुब्याच्या माथ्यावर, खुंट्यांपाशी, तळहात ठेवून बसायच्या. आईचं प्रेम, असं नलिनी समजायची.

लग्न होऊन ती देवासला आली. टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्या, मागे अंगण. सासूला सगळे माई म्हणत. माई तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवायच्या नाहीत. पलीकडच्या घरात उमाशंकर राहायचे. ते अरविंदच्याच कारखान्यात होते, माळव्यातलेच, आणि तबला वाजवायचे. पहिल्याच गणपतीत मराठी मंडळींनी नलिनीला वाजवायला बसवलं, उमाशंकरनी ठेका धरला. बागेश्री संपला तेव्हा मांडवात कुणी पटकन टाळीसुद्धा वाजवली नाही. मग उमाशंकर अरविंदला म्हणाले, "भिया, आप तो घर में खजाना ले आए."

चौऱ्याहत्तर साली पहिली मुलगी झाली. बाळंतपणाला नलिनी धारला गेली होती. मुलीचं नाव अरविंदच्या आजीवरून कमल ठेवलं. दोन महिन्यांनी नलिनी देवासला परतली, आणि माई शेजारणींना सांगू लागल्या, "आमच्या सुनेचा आवाज किती मऊ झालाय बघा. पहिल्यांदा आली तेव्हा खणखणीत बोलायची. आई झाल्यावर बाई कशी निवते!"

नलिनीलाही ते बरं वाटलं. आपण हळू बोलतो असं तिला वाटतच नव्हतं. उलट स्वतःचा आवाज तिला डोक्यात घुमल्यासारखा मोठा यायचा, म्हणून ती तो आवरायची. अरविंद मात्र अधूनमधून म्हणायचा, "जरा मोठ्याने बोल ना, नलू. चोरून बोलल्यासारखी काय बोलतेस?"

त्या वर्षी उन्हाळ्यात सावित्रीबाई नातीला पुन्हा बघायला आल्या. त्यांना इंदूरपर्यंत पोचवायला नलिनी आणि अरविंद मोटारीने निघाले. मोटार भरलेली, पुढे कोंबड्यांची पाटी, मागे कुणाचं तरी रडणारं पोर. अरविंद दोन बाकं सोडून उभा होता. त्याने तिथूनच काहीतरी विचारलं. शेजारच्या माणसालाही ते कळलं नसेल. नलिनीने लगेच उत्तर दिलं, "पिशवीत आहे, वरच्या कप्प्यात."

अरविंद कौतुकाने हसला. "घरी दहादा सांगावं लागतं, आणि इथे बरं ऐकू येतं हिला!"

सावित्रीबाई नलिनीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मांडीवरच्या कमलला त्यांनी असं घट्ट धरलं की ती पोर रडायला लागली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपासून, आई?"

"मोटारीत बरं कधीपासून ऐकू येतंय तुला?"

इंदूर येईपर्यंत दोघी एकमेकींकडे न बघता बसून राहिल्या.

त्यानंतर तिला एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. पहाटेचे पक्षी कुठे गेले? दूध उतू जाताना होणारा आवाज कधीपासून बंद झाला? कानात एक बारीक शीळ होती. ती इतकी सतत वाजायची की ती आपल्या आत आहे, बाहेर नाही, हे कळायला तिला वर्ष लागलं. तिने कुणाला सांगितलं नाही. लोकांच्या ओठांकडे बघत बोलायची सवय लावून घेतली. शहात्तरच्या गणपतीत ती वाजवायला बसली. पेटीवाल्याने सूर दिला, तिने तारा लावल्या, आणि मालकंस सुरू केला. पाचेक मिनिटांत समोरच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. उमाशंकर ठेका न तोडता तिच्या बाजूला वाकले आणि ओठ मोठे हलवत म्हणाले, "भाभी, सुर चढ़ गया है."

तिने खुंटी पिळली. सूर आणखी बिघडला. तिने गज मांडीवर ठेवला, हात जोडले आणि ती उठून आत गेली. मांडवात कुणी काही बोललं नाही. आणि बोललं असतं तरी तिला ऐकू आलं नसतं, हे तिला त्या क्षणी पक्कं कळलं.

इंदूरच्या कानाच्या डॉक्टरांनी पोलादी चिमट्यासारखं काहीतरी टेबलावर आपटून तिच्या कानासमोर धरलं. "ऐकू येतं?" फार थोडं. मग त्याच चिमट्याचा दांडा त्यांनी कानामागच्या हाडावर टेकवला, आणि नलिनी दचकली. डोक्यात घंटा वाजावी तसा स्वच्छ, गोल सूर भरला. दोन वर्षांत इतका पूर्ण सूर तिने ऐकला नव्हता. डॉक्टरांनी दांडा काढला, तेव्हा तिने नकळत त्यांचं मनगट धरलं. "अजून एकदा."

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. कानाच्या आत तांदळाच्या दाण्याएवढं एक हाड असतं, घोड्याच्या रिकिबीसारखं. ते हललं की सूर आत जातो. तिचं ते थिजत चाललं होतं. आतला कान अजून चांगला आहे, म्हणून कवटीच्या हाडातून ऐकू येतं. बाहेरचा गोंगाट तिला ऐकूच येत नाही, आणि गोंगाटात माणसं आपोआप ओरडून बोलतात, म्हणून मोटारीत ती इतरांहून शहाणी ठरते.

"आईला आहे? आजीला होतं?" डॉक्टरांनी विचारलं. मग अरविंदकडे वळून म्हणाले, "दर बाळंतपणात हे वाढतं. एक मुलगी आहे ना? तेवढ्यावर थांबा. ऑपरेशन करता येतं, पण शंभरात दोन-चार कान साफ जातात. घाई करू नका."

घरी आल्यावर अरविंदने माईंना एवढंच सांगितलं, "कानात थोडी सूज आहे, उतरेल." माईंसमोर ऑपरेशन, घराण्यातला आजार, मूल नको असले शब्द काढायला तो घाबरला. नलिनीने ऐकलं नाही, पण ओठांवरून वाचलं. तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. दुपारी घर रिकामं झाल्यावर तिने दिलरुबा काढला, बारा वर्षांची शिस्त मोडून मान डावीकडे वाकवली आणि जबड्याचं हाड दांडीला टेकवलं. गज ओढला.

सूर आला. आधी दातांत, मग कानशिलात, मग सगळ्या डोक्यात. तरफांच्या, म्हणजे खालच्या बारीक तारांच्या, सुरांची शिणशिण तेवढी हाडातून येईना, पण मुख्य तार अशी भरून आली की मास्तरांच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटलं. आई खुंट्यांवर हात ठेवून का बसायची, तेही तिला तेव्हा कळलं. ती कितीतरी वेळ रडत रडत वाजवत राहिली.

पुढची दोन-तीन वर्षं तिने अशीच काढली. रोज दुपारी तासभर डोळे मिटून, गाल दांडीला लावून ती बसायची. त्या तासात बाहेरचं जग पूर्ण बुडून जायचं. अरविंदला ते बघवत नसे. तो म्हणायचा, "तू त्यात गेलीस की मेल्यासारखी दिसतेस गं. हाक मारली तर कळत नाही, दार वाजवलं तर कळत नाही."

माईंना नातू हवा होता. डॉक्टरांचं बोलणं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, मग त्यांनी टेकडीवरच्या देवीला नवस बोलला तर त्यांचा काय दोष? एकोणऐंशीत विश्वास झाला. नवस फिटला, पेढे वाटले. आणि सहा महिन्यांत नलिनीचं उरलंसुरलं ऐकणंही गेलं. आता मोटारीतसुद्धा तिला नीट कळेनासं झालं. बाळ रडलं तर ते तिला त्याच्या तोंडाकडे बघूनच कळायचं. झोपताना ती त्याच्या पोटावर हात ठेवूनच झोपायची.

ऐंशी सालच्या चैत्रातली गोष्ट. माई टेकडीवर गेल्या होत्या, अरविंद कारखान्यात, कमल शाळेत. विश्वास पाळण्यात गाढ झोपला होता. नलिनीने तीनदा वाकून बघितलं, मग दिलरुबा घेतला. पाळण्याकडे तोंड करूनच बसली. पण सारंगाचे सूर हाडातून चढायला लागले तसे डोळे मिटले, ते मिटलेच.

किती वेळ गेला ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. जमीन हादरल्यासारखी झाली म्हणून तिने डोळे उघडले. उमाशंकर समोर उभे होते. मागच्या दाराची कडी उखडून पडली होती. त्यांच्या हातात विश्वास होता. तो पाळण्याच्या काठावरून बाहेर घसरला होता, झबल्याचा बंद पाळण्याच्या कडीला अडकून गळ्याशी आवळला होता, आणि त्याचं तोंड काळंनिळं झालं होतं. कपाळ फुटून रक्त येत होतं. पोर आधी जिवाच्या आकांताने ओरडलं असणार, कारण दोन घरं पलीकडच्या बायकाही अंगणात जमल्या होत्या. त्या पुढचं दार बडवत होत्या. सगळ्या आळीला ऐकू गेलं होतं. फक्त चार हातांवर बसलेल्या आईला नाही.

उमाशंकरनी बाळाला उलटं धरून पाठीत थोपटलं. त्याने श्वास घेतला. तो रडतोय हे नलिनीला दिसलं.

माई आल्या, त्यांनी बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक अक्षर बोलल्या नाहीत. संध्याकाळी नलिनीने स्वतःच दिलरुब्याला गवसणी घातली, स्टुलावर चढून तो माळ्यावर ठेवला आणि अरविंदला म्हणाली, "इंदूरला चला. ऑपरेशन करायचं."

उजव्या कानाचं ऑपरेशन व्हायला मात्र ब्याऐंशी साल उजाडलं. आठव्या दिवशी पट्टी काढली, तेव्हा डोक्यावरचा पंखा इतका कर्कश वाजत होता की तिने कान झाकला. मग हसली. शेजारच्या खाटेवर कुणीतरी संत्रं सोलत होतं, तेही तिला ऐकू आलं. घरी आल्यावर विश्वास तिला जे जे सांगेल ते ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. त्याचा आवाज किंचित घोगरा आहे, हे तिला तीन वर्षांनी कळलं.

हे सुख एकोणीस दिवस टिकलं. विसाव्या दिवशी सकाळी अंगणात तुळशीला पाणी घालताना घर गरगर फिरलं. ती पडली. दोन दिवस उलट्या. डोकं उचलता येईना. आवाज आधी पत्र्यावर खडे पडल्यासारखे झाले, मग त्यांचा नुसता गोंधळ झाला, आणि आठवडाभरात उजवीकडे काहीच उरलं नाही. डॉक्टरांनी तोच चिमटा कानामागे टेकवला. घंटा वाजली ती पलीकडे, डाव्या बाजूला. इकडचं हाडही मेलं होतं.

"डावा कान आहे," डॉक्टर हळहळत म्हणाले. "त्याचंही करता येईल. प्रत्येक वेळी असं होत नाही. विचार करून सांगा."

अरविंदला करायचं होतं. नलिनीने कागद घेऊन त्यावर लिहिलं, "डाव्या हाडात अजून सूर आहे. तो मी कुणाला देणार नाही." डावीकडे मग खिशात ठेवायचं यंत्र आणि हाडावर दाबून बसणारी बटणासारखी चकती मिळाली. त्यावर घरचं बोलणं निभायचं.

त्याच सुमारास माईंना सगळं कळलं. अरविंदनेच एकदा भांडणाच्या भरात सांगितलं, की डॉक्टरांनी शहात्तर सालीच दुसरं मूल नको म्हणून बजावलं होतं. माई ओट्यावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "मला सांगितलं असतंत तर मी नातू मागितला असता का रे? माझ्या नवसाने तिचे कान घेतले, आणि तू मला पेढे वाटू दिलेस?" दुसऱ्या दिवशी त्यांनी उमाशंकरना बोलावलं, माळ्यावरचा दिलरुबा काढवला आणि नलिनीच्या मांडीवर ठेवला. खूण करून, ओठ नीट हलवून म्हणाल्या, "पोरांना मी बघते. तू वाजव."

नलिनी पुन्हा वाजवू लागली. उमाशंकरनी सागाची एक रुंद फळी आणली. एका टोकाला ती बसायची, दुसऱ्या टोकावर ते तबला ठेवायचे, म्हणजे ठेका फळीतून तिच्या मांडीला कळायचा. पंच्याऐंशीच्या गणपतीत तिने पुन्हा बागेश्री वाजवला. मान वाकडी, गाल दांडीला चिकटलेला. नवीन आलेल्या लोकांना वाटलं, बाई झोपली की काय. सम मात्र एकदाही चुकली नाही.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात धारहून भाऊचं पत्र आलं, आईचं काही खरं नाही. नलिनी दिलरुबा घेऊन गेली. सावित्रीबाई खाटेवर होत्या, अंगाने काडी झालेल्या. नलिनीने खाटेशेजारी बसून दांडी आईच्या जबड्याला टेकवली आणि गज ओढला. आईच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. नलिनीने दुसरीकडून टेकवून बघितलं. कपाळाला. दातांना.

सावित्रीबाईंनी मान हलवली. आता त्यांच्या आवाजालाही वर-खाली राहिलं नव्हतं. "हाडातलं पण गेलं गं. चार वर्षं झाली. आधी वरचे सूर जातात, मग मधले." मग तिचा हात चाचपून त्या म्हणाल्या, "थांबू नकोस. हाताला मुंग्या येतात, त्या बऱ्या वाटतात."

चौथ्या दिवशी त्या गेल्या. तोवर नलिनी रोज वाजवत होती.

देवासला परत आल्यावर पहिल्याच दुपारी तिने वरच्या सप्तकात बोटं नेली. गंधारापर्यंत सूर होता. पंचमावर फक्त बोटाखाली तार घासल्याचं कळलं. तिने गजाला राळ लावली, तार बदलली, गाल घट्ट दाबला. पंचम नव्हता. तिने अरविंदला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या तारा उतरवून दोन सुरांनी खाली लावल्या, आणि पुढच्या आठवड्यात चौदा वर्षांच्या कमलला घेऊन इंदूरला गेली.

डॉक्टर आता म्हातारे झाले होते. त्यांनी कमलचे दोन्ही कान तपासले आणि कागदावर लिहून दिलं, "आज काही नाही. लग्नाच्या आधी परत आणा." मुलींमध्ये हे किती जणींना उतरतं, असं नलिनीने विचारलं. त्यांनी लिहिलं, "साधारण निम्म्या."

परतीच्या मोटारीत कमल खिडकीशी बसली होती. नलिनी सारखी तिच्याकडे बघत होती. मागून कुणी काही बोललं की कमलची मान वळते का, हे तिला बघवतही नव्हतं आणि न बघता राहवतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कमलला समोर बसवलं. कमल दोन वर्षं आईकडून शिकत होती, मास्तरांच्या पद्धतीने, मान सरळ ठेवून. नलिनीने कापसाचे दोन बोळे केले, तेलात भिजवून पिळले आणि तिच्या दोन्ही कानांत घट्ट बसवले. मग तिची हनुवटी धरून डावीकडे वळवली, जबडा दांडीला टेकवला, चारही खुंट्या ढिल्या सोडल्या आणि खूण केली, लाव.

"आई, मला तर नीट ऐकू येतं," कमल म्हणाली.

नलिनीने तिचे ओठ वाचले. "माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच आत्ता शीक."

कमलने रागाने गज ओढला. मग हळूहळू तिचे डोळे मोठे झाले. तिने दुसऱ्यांदा गज ओढला, खुंटी थोडी पिळली, पुन्हा ओढला. दारात उभ्या असलेल्या माईंनी विश्वासला जवळ ओढून घेतलं आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला, त्याने मधे बोलू नये म्हणून. षड्ज लागायला कमलला पाऊण तास लागला. लागला तेव्हा तिने मान वर केली. नलिनीने मान हलवून पुढची तार दाखवली.